तिथं कुणी नव्हतं

७ जानेवारी

कात्रीचा स्टुडिओ बंद झाला. उशिरा का होईना, झाला एकदाचा.

बातमी आणली ग्रंथालयाच्या बाईंनी. प्रेसमध्ये आल्या त्या दोन खोकी घेऊनच. म्हणाल्या, ‘त्या म्हाताऱ्या फोटोग्राफरनी सगळ्या निगेटिव्ह ग्रंथालयाला दिल्यात. स्कॅन करायच्या आहेत, आणि त्यातूनच आमच्या हॉलसाठी एक भलंमोठं कोलाज हवंय. काळं-पांढरंच. आपण कोण, कुठून आलो, असं काहीतरी दिसलं पाहिजे त्यातून. या कामात तुमच्यासारखा हात कुणाचा नाही म्हणतात.’

मी म्हटलं, ‘ठेवा.’ तो म्हातारा माझा सख्खा काका आहे हे काही सांगितलं नाही. बावीस वर्षांत त्याचं तोंड पाहिलेलं नाही, नातं कुठल्या तोंडाने सांगू?

ही वही मुद्दाम काढली आहे. उद्या कुणी म्हणालं की बाईने रागाच्या भरात केलं, तर दाखवता येईल. रागाच्या भरात अजिबात नाही. चांगलं थंड डोक्याने, रोज थोडं थोडं केलं.

९ जानेवारी

काकाचं कात्री हे नाव मी ठेवलं, आठ वर्षांची असताना. आई मला स्टुडिओत घेऊन गेली होती. दोघं बाहेर बोलत बसली आणि मी आत कपाटातला अल्बम उघडला. पानोपानी भोकं. लग्नाच्या फोटोत आईशेजारी सूट, टाय, आणि टायच्या वर लांबट भोक. दुसऱ्या पानावर पाळण्यात मी, आणि पाळण्यावर वाकलेलं भोक. काका मागे येऊन उभा राहिला. मी विचारलं, ‘इथं कोण होतं?’ तो म्हणाला, ‘तिथं कुणी नव्हतं.’ अल्बम हातातून घेतला आणि वरच्या फळीवर ठेवला.

बाबा मी दोन वर्षांची असताना गेले. मेले नाहीत, गेले. आईचं चाळीस-पंचेचाळीस वर्षं एकच वाक्य, ‘दोघा भावांचं पटलं नाही.’ न पटल्यावर एक भाऊ स्टुडिओचा मालक होतो, दुसरा नाहीसा होतो आणि त्याचे चेहरेसुद्धा कापले जातात, यावरून काय समजायचं ते शेंबडं पोरही समजेल. सख्ख्या भावाला हाकलला आणि पुरावाही ठेवला नाही.

माझ्या लग्नात त्याला बोलावलं नव्हतं. लग्न टिकलं नाही ती गोष्ट वेगळी, पण बोलावलं नव्हतं.

प्रेसमध्ये मी रोज लोकांच्या गेलेल्या बापांना लग्नाच्या फोटोत बसवते. सूट एकाचा, डोकं दुसरीकडचं, सावली जुळवली की बाप हजर. लोक माझा हात धरून रडतात. मला माझा बसवता येत नाही, कारण माझ्याकडे डोकंच नाही.

पण त्याने कापले ते छापील फोटो. निगेटिव्ह कापायला विसरला की गाढव! चोर कितीही हुशार असो, कुठेतरी चुकतोच.

१५ जानेवारी

आठवडाभर नुसतं स्कॅनिंग. बऱ्याच फिल्म इतक्या वळल्यात की काचेखाली सपाट बसत नाहीत, कडा उठतात आणि चित्र पुसट येतं. अशा फिल्मला माझा जुना उपाय आहे. पालथी लावायची, म्हणजे बाक खाली दबतो, आणि मग कॉम्प्युटरवर चित्राचं डावं-उजवं उलटून घ्यायचं. नवीन मुली ते उलटायला विसरतात आणि दुकानाच्या पाट्या उलट्या येतात. मग मी त्यांना सुनावते.

माणसंच माणसं. टोपीवाले, टक्कलवाले, पासपोर्टला आलेले, नवीन नोकरीला लागलेले, हातात प्रमाणपत्र धरून घाबरलेले. चांगले काढलेत. ते कबूल करायलाच हवं. हनुवटीखाली सावली कुठे थांबवायची ते त्याला कळत होतं.

बाबा अजून सापडले नाहीत.

२१ जानेवारी

सापडले!!

दुसऱ्या खोक्याच्या तळाशी, कागदात गुंडाळून, रबर लावून ठेवलेला एक रोल. छत्तीस चित्रं. फिल्म स्प्रिंगसारखी वळलेली, रबर वितळून चिकटलेलं. उतावळेपणात दोनदा काचेवरून निसटली. दाबून बसवली, स्कॅन केली, कडा तिथल्या तिथे छाटल्या आणि चेहरे मोठे केले. दुपारी डबाही उघडला नाही.

एकच दुपार आहे, कॅमेरा हातोहात फिरलेला. कुठलीतरी बाग, बाक, आई (केवढी बारीक!), मी दीड-दोन वर्षांची, आणि दोन पुरुष. दोघांना सारखीच मिशी, सारखंच नाक, सारखाच पांढरा शर्ट. एकाने मला खांद्यावर घेतलंय. त्याच्याच मांडीवर मी झोपलेय. तोच माझ्या बुटाची नाडी बांधतोय. दुसरा लांब उभा. एका चित्रात मनगटावरचं घड्याळ बघतोय, एकात पाठमोरा फाटकाकडे चाललाय. आमच्याकडे बघतोय असं एकही चित्र नाही.

कोण कुठला ते सांगायला ज्योतिषी नको. पण म्हटलं खात्री करू.

२२ जानेवारी

आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘बाबा नि काका फार सारखे दिसायचे का गं?’

गुडघ्याला तेल चोळत होती. ‘अगदी. भांग तेवढा वेगळा. ह्यांचा उजवीकडे, भावजींचा डावीकडे. लग्नात मी त्यावरूनच ओळखायची, नाहीतर भलत्याच्याच गळ्यात हार घातला असता.’ हसली. मग तेलाची वाटी खाली ठेवली. ‘का गं? आज काय हे?’

‘काही नाही. प्रेसमध्ये जुळ्यांचा फोटो आला होता.’

कात्रीचा भांग अजून डावीकडेच आहे, हे मला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी बँकेत पाठमोरा दिसला होता.

प्रेसमध्ये जाऊन पुन्हा सगळी चित्रं मोठी करून पाहिली. मला खांद्यावर घेतलेल्याचा भांग उजवीकडे. घड्याळ बघणाऱ्याचा डावीकडे.

बाबा. माझे बाबा. माझ्या बुटाची नाडी बांधणारे.

खुर्चीत बसून रडले, सांगायला लाज कसली. मालक म्हणाले, ‘ताई, डोळे तपासून घ्या, दिवसभर स्क्रीन बघता.’

३० जानेवारी

कोलाज असं करणार: मागे साडेतीनशे अनोळखी चेहऱ्यांची भिंत, तळहाताएवढे, करडे. मध्यभागी पुरुषभर उंचीचे बाबा आणि खांद्यावर मी, मागे बाकावर आई. त्यांना सगळ्यात जास्त उजेड. आणि कडेने नऊ ठिकाणी कात्री, वेगवेगळ्या आकारात, आणि नऊच्या नऊ ठिकाणी चेहरा कापलेला. भोकातून मागची भिंतसुद्धा दिसू द्यायची नाही. शुद्ध काळं.

नाव ठरलं, ‘तिथं कुणी नव्हतं’. बघू दे त्याला स्वतःचंच वाक्य, भिंतीवर, फूटभर अक्षरात.

६ फेब्रुवारी

तिसरं डोकं कापलं. पुसून टाकायला एक मिनिट लागतं, पण मला घाईत कापायचं नाही. चारशे टक्के मोठं करते. कानाची पाळी, जबडा, मानेवरचे केस, एकेक बिंदू ठेवत जाते. शेवटचा बिंदू पहिल्याला मिळाला की त्याच्या डोळ्यांत बघते, सांगायचं ते सांगते, आणि बटण दाबते. सांगते ते इथे लिहिण्यासारखं नाही. आज बाजूच्या टेबलावरची म्हणाली, ‘ताई, कुणाशी बोलताय?’

थंड डोक्याने, हे पुन्हा लिहून ठेवते.

११ फेब्रुवारी

गंमत आहे. बाबांच्या शर्टाचा खिसा उजवीकडे आहे. शिंप्याने घोळ घातला असणार, आणि बाबा पडले साधे, बोलले नसतील. आईनेही घड्याळ उजव्या हातात बांधलंय. तेव्हा तशी टूम निघाली असेल.

मला बाबांचा खिसा फार आवडला. आता मला त्यांच्याबद्दल इतरांना माहीत नसलेली एक गोष्ट माहीत आहे.

१९ फेब्रुवारी

आई मागे लागली आहे, ‘दाखव तरी काय करतेस ते.’ नाही म्हटलं. लागलं तर हॉलमध्ये येऊन बघ.

‘भावजींना बोलावणार आहेस?’

‘पहिलं आमंत्रण त्यांनाच.’

आईने माझ्याकडे निरखून पाहिलं. ‘त्यांना दुखव तू एकदा मनासारखं. पण पुरे कर मग.’

म्हणजे काय? हिला नेहमी त्यांचा पुळका. ज्याने नवऱ्याला घालवला त्याचा पुळका! मी ताट तसंच ठेवून उठले.

३ मार्च

छापून झालं. दहा फूट बाय सहा. कागद मशीनमधून बाहेर येत होता तेव्हा पहिल्यांदा बाबांचे बूट आले, मग गुडघे, मग तो खिसा, मग हसू. मालक कंबरेवर हात ठेवून बघत होते. म्हणाले, ‘फर्स्टक्लास. पण ताई, ही भोकं भरायची राहिली का?’

‘नाही. भोकांसाठीच बाकीचं केलंय.’

मालक कागद कापायला वळले. शहाणा माणूस.

मधल्या चित्राच्या वर चिकटवायची पट्टीही छापली: ‘माझे बाबा आणि मी’. कात्रीचं आमंत्रण मी स्वतः पेटीत टाकलं.

१० मार्च

आज उद्घाटन झालं. जसं झालं तसं लिहिते, नाहीतर नंतर मी स्वतःशीच खोटं बोलेन.

आई आली नाही, गुडघ्याचं निमित्त. तीन वाजता कात्री आला. काठी, इस्त्रीचा शर्ट, हातात माझं आमंत्रण. वाळलाय. बाईंनी पुढे होऊन खुर्ची दिली, ती घेतली नाही. सरळ कोलाजसमोर जाऊन उभा राहिला. मी खांबाच्या आडून बघत होते. इतकी वर्षं याच क्षणाची वाट बघितली होती म्हणा ना. त्याची मान खाली जाईल, हात थरथरतील, सगळं मनात रंगवून ठेवलं होतं.

तो नाव वाचत उभा राहिला. मग पुढे सरकला, मागे सरकला. मग भोकं मोजली, काठीच्या टोकाने, नऊ. आणि मग मला हाक मारली, माझ्या लहानपणच्या नावाने, साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशी.

‘फिल्म उलटी लावलीस!’

मला कळेना. म्हटलं, ‘काय?’

‘एवढी वर्षं या कामात आहेस आणि फिल्म उलटी? खिसा बघ. खिसा कुठं आलाय बघ. वहिनींचं घड्याळ बघ. वळलेली फिल्म पालथी लावलीस, बरोबर केलंस, पण मग उलटून कोण घेणार? माझा बाप?’ चिडला होता. खरंच चिडला होता, कामावरून. नवीन मुलींवर मी चिडते अगदी तसा.

मग आवाज उतरला. मधल्या पुरुषभर उंचीच्या चित्राकडे काठी केली. ‘हा मी आहे.’

मी त्याच्याकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. पुन्हा त्याच्याकडे. नाक एकच, मिशी आता पांढरी. डावीकडचा भांग, आरशात धरला तर उजवीकडे जाणारा.

‘मग मी कापलेत ते...’

‘त्यालाच कापलंस,’ तो म्हणाला. ‘मीसुद्धा त्यालाच कापला होता.’

खाली बसले. बाईंनी पाणी आणलं. तो शेजारच्या खुर्चीवर बसला आणि समोर बघत, हळूहळू सांगितलं. त्या बागेतल्या दुपारनंतर आठव्या दिवशी बाबा गेले. कुणी हाकललं नाही. दुसऱ्या गावी दुसरं घर मांडलं होतं, आधीपासूनच. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत आईचं नाव होतं, माझं नव्हतं. ‘त्या रात्री अल्बम घेतला आणि कापत सुटलो,’ म्हणाला. ‘सकाळी निगेटिव्ह घेतल्या हातात. तेवढं होईना.’

मला रडू आलं नाही. संताप आला. म्हटलं, ‘काका, राग तुमचा होता, पण चेहरा माझा होता. तुम्हाला काय अधिकार? वाईट तर वाईट, बाप होता माझा. मला बघायचा होता. मी आठ वर्षांची होते आणि तुम्ही म्हणालात, तिथं कुणी नव्हतं!’

सगळा हॉल बघत होता. बघू दे.

‘चुकलं,’ म्हणाला. एवढंच. दुसरं काही बोलला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

११ मार्च

सकाळी सातला प्रेस उघडून फिल्म काढली. कडेचे आकडे सरळ वाचता येतील तशी धरली, तर स्कॅन त्याच्या उलट. पालथी. मीच.

चित्र उलटून घेतलं. खिसा डावीकडे गेला, घड्याळ डाव्या मनगटावर आलं, आणि घड्याळ बघणारा माणूस माझे बाबा झाला. दीड महिना रोज याच चेहऱ्याकडे चारशे टक्के मोठा करून बघत होते. त्याच्या कानाची पाळी मला पाठ आहे. जन्मभर हा चेहरा मागितला, मिळाला, आणि मी त्याला भलत्याच्या नावाने शिव्या दिल्या.

मग नीट ओळख पटवून पुन्हा दिल्या. सगळ्या. एकही कमी नाही.

घरी येऊन आईला म्हटलं, ‘तुला सगळं माहीत होतं.’

‘हो.’

‘आणि मी चाळीस वर्षं काकांना शिव्या देत होते ते ऐकत बसलीस?’

आई भाजी निवडत होती, थांबली नाही. ‘खरं सांगितलं असतं तर त्यांना शोधत गेली असतीस. दार उघडलं नसतं त्यांनी. भावजींवर चिडलीस तर चिडलीस, ते इथंच होते. कुठं जाणार नव्हते. मी विचारलं होतं त्यांना. म्हणाले, चिडू दे माझ्यावर, मला चालेल.’

‘तुला चालेल, त्यांना चालेल. मला विचारलं कुणी?’

तिने दुसरी जुडी ओढली. मी त्या चेहऱ्याची छोटी प्रत काढून आणली होती, ती तिच्यासमोर ठेवली. तिने चष्मा लावून पाहिली, बराच वेळ. ‘तेव्हा बारीक झाले होते,’ म्हणाली. ‘मला वाटायचं कामाचा ताण.’ आणि प्रत बाजूला सारून पुन्हा भाजी निवडायला लागली.

आज तिच्याशी बोलले नाही. उद्याही बोलणार नाही.

१५ मार्च

ग्रंथालयाच्या बाईंचा फोन. आवाजात कौतुक नुसतं ओसंडत होतं. ‘अहो, तुमचे वडील रोज येऊन बसतात! दहाला येतात ते पाचपर्यंत. मुलं विचारतात ना, तर सांगतात, हिला मी खांद्यावर बागभर फिरवली होती. किती गोड!’

माझे वडील! त्या दिवशी एवढा तमाशा झाला, बाई पाणी आणायला धावल्या आणि त्यातलं काहीच त्यांना कळलं नाही. पट्टीवर ‘माझे बाबा’ लिहिलंय, म्हणजे बाबाच. आणि काकांनी दुरुस्त केलं नाही. तोंडातून एकदा नाही निघालं की अहो, मी काका. चेहरा कापून टाकायचा आणि मग रिकाम्या जागी आपणच जाऊन बसायचं!

‘उद्या येते,’ म्हटलं. ‘पट्टी चुकली आहे.’

मालकांनी विचारलं, सगळंच नव्याने छापायचं का, भोकं भरून, चित्र उलटवून. सोप्पं आहे, तासाभराचं काम. मी खूप विचार केला. नको म्हटलं. बाबा स्वतःच्या पायांनी गेले, त्यांना पुन्हा बसवायचं मी काही अंगावर घेतलेलं नाही. फक्त पट्टी.

१६ मार्च

साडेदहाला पोहोचले. ते होतेच, खुर्चीत, काठी मांडीवर आडवी. शाळेतल्या दोन मुली नुकत्याच निघत होत्या, त्यांना हात हलवत होते. मला पाहिलं आणि हात खाली घेतला.

‘बदलायला आलीस?’

‘हो.’

‘बरोबर आहे.’ उठले. खुर्ची बाजूला केली, म्हणजे मला वाट मिळेल. पट्टी उंच होती, स्टूल डुगडुगत होतं, तर काठी भिंतीला टेकवून दोन्ही हातांनी स्टूल धरलं. पंच्याहत्तरीचा माणूस, स्वतः डुगडुगतोय. म्हटलं, ‘सोडा, मी पडणार नाही.’ सोडलं नाही.

जुनी पट्टी नखाने सोलून काढली. ‘माझे बाबा’ चुरगळून खिशात घातलं. ते वर बघत होते, त्या माझ्या खिशाकडे. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. चाळीस वर्षं नेम धरला होता, तो आत्ता कुठे लागला होता.

मग नवी पट्टी चिकटवली. त्यांनी मान मागे करून वाचली, मोठ्याने, चष्म्याशिवाय अडखळत:

‘हे माझे काका. माझ्या बाबांचे चेहरे आधी यांनी कापले, मग मी.’

पुन्हा पहिल्यापासून वाचली. मला वाटलं म्हणतील, माझी बेअब्रू कशाला. म्हणू देत, उत्तर तयार होतं माझ्याकडे.

‘शेवटचे दोन शब्द काढ,’ म्हणाले.

‘का?’

‘मग मी, ते काढ. कापणारा एकच पुरे. लोक वाचतील, तुला नावं ठेवतील. माझ्या एकट्याच्या नावावर राहू दे, इतकी वर्षं होतंच की.’

तयार केलेलं उत्तर याच्यासाठी नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. नाक ओढलं, पट्टीची कोपऱ्यातली हवा अंगठ्याने दाबून काढली, पुन्हा दाबली.

‘नाही काढणार,’ म्हटलं. ‘केलंय तर लिहायला नको?’

‘हट्टी आहेस.’

‘घरातच आहे.’

ते हसले का ते मला वरून दिसलं नाही. मी उतरेपर्यंत त्यांनी स्टूल धरून ठेवलं होतं.